समुद्र ह्यांचा, तिथी माझी

आमच्याकडे अजूनही कोणी पाहुणा आला की भिंतीवरच्या चित्राकडे बघून विचारतो, ह्यांचे गुरू कोण? गुरू कुठले आलेत! ठाण्याच्या मिठाच्या कचेरीतला साधा कारकून. सकाळी अंगरखा-पागोटं चढवून जायचं, दिवसभर साहेबाची बोलणी खायची आणि संध्याकाळी तोंड पाडून घरी यायचं. कुंचला कसा धरायचा हेसुद्धा ह्यांना कोणी दाखवलं नव्हतं. पुढे मुंबईच्या पेढ्यांवर आणि गलबतवाल्यांच्या दिवाणखान्यांत ह्यांचे समुद्र लागले, ते सगळं स्वतःच्या हिमतीवर, असं लोक म्हणतात. चारचौघांत मीही तसंच म्हणते. पण हे जाऊन आता तीन वर्षं होतील. खरं काय ते लिहून ठेवायला हरकत नाही.

खरं असं, की ह्यांच्या चित्रातला समुद्र ह्यांचा, पण त्यातलं पाणी कुठवर आणायचं ते मी सांगत असे. आणि मी तर समुद्र पाहिलाच नव्हता.

माहेर माझं कल्याणचं. बंदर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नारळांनी, कौलांनी भरलेली पडावं खाडीतून वर यायची आणि आम्ही पोरी काठावर उभ्या राहून बघायचो. मी एकदा वडिलांना विचारलं, "ही कुठून येतात?" ते म्हणाले, "समुद्रातून." "समुद्र कसा असतो?" "मोठा." वडिलांचं सगळं बोलणं असंच, पळीनं वाढल्यासारखं. मग मी मनातल्या मनात खाडीचा पलीकडचा काठ पुसून टाकला आणि त्यालाच समुद्र म्हणू लागले. लग्न ठरलं तेव्हा नवरा कसा आहे हे विचारायच्या आधी मी विचारलं, "ठाण्याहून समुद्र दिसतो का गं?" आईनं कपाळाला हात लावला. दहा वर्षांची होते मी.

ठाण्याहून समुद्र दिसत नव्हता. तिथंही खाडीच. तीच गढूळ, वर मिठागरांतले मिठाचे ढीग आणि आगगाडीचा पूल. समुद्र मुंबईला, गाडीनं तासाभराच्या वाटेवर. पण आमच्या घरातल्या बायका टेंभी नाक्यापलीकडे गेल्या तर देवीला किंवा बाळंतपणाला, तिसरं कारण कोणाला ठाऊक नव्हतं.

ह्यांना मात्र कचेरीच्या कामानं मुंबईला जावं लागे. पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा कचेरीतला एक फुकट गेलेला कागद उलटा करून त्यावर काजळानं आणि धोब्याच्या निळीनं ह्यांनी काहीतरी काढलं आणि माजघरात मला दाखवलं. मी म्हटलं, "हे काय, आभाळ सांडलंय का?" हे इतके हसले! म्हणाले, "अगं, समुद्र आहे तो. तुला एकदा नेतो आणि दाखवतो." मी तेव्हा चौदा वर्षांची होते. ते "एकदा" मी पदराला गाठ मारून ठेवलं.

पुढे ह्यांना नादच लागला. गेरू, नीळ, पिवळा हरताळ, डिंक, घरभर पुड्याच पुड्या. हरताळ विषारी, म्हणून त्याचा खल वेगळा. घोटायचं काम माझ्याकडे आलं. खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले हे स्वतः बांधायचे. सासूबाईंचा जळफळाट व्हायचा. "लेखणीच्या घराण्यात हा रंगारी कुठून निपजला कोण जाणे! आणि ही त्याची पाथरवटीण, बसलीय घोटत!" त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. एकदा ह्यांनी त्यांच्या पूजेच्या वाटीत नीळ कालवली होती.

असं सहा-सात वर्षं चाललं असेल. मग एका हिवाळ्यात टेंभी नाक्याजवळच्या मोकळ्या जागेत एका नाटक मंडळीनं मांडव ठोकला, आणि त्यांचा समुद्राचा पडदा उंदरांनी कुरतडला. कोणीतरी मालकाच्या कानावर घातलं की मिठाच्या कचेरीतला एक कारकून बरं काढतो. हे आठ दिवस आजारपणाची रजा टाकून मांडवात पडदा रंगवत बसले. घरी यायचे ते नखशिखांत निळे. जेवताना सांगायचे, "राजपुत्र होडीतून निघतो, मागं पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून वर येतोय, पाणी घाटाच्या पायऱ्यांना लागलंय. बघच तू." मी कुठली बघणार? नाटकाला जायला मला कोण सोडणार? पण ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिल्या प्रयोगाला हे उपरणं बदलून गेले आणि प्रयोग अर्धा व्हायच्या आत परत आले. जेवले नाहीत. कुंचले फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी दोनदा विचारलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मागीलदारी आलं. चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची. आमच्याकडे मासळी चालते, उपासाचे वार सोडून. माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ, म्हणून आमचं जमायचं. टोपली उतरवायच्या आधीच ती हसायला लागली.

"काय गो बाय, काल नाटकाला नाय आली तू? कुनी येड्यानं दर्या काडला व्हता! पुनवेचा चांद वर येतंय आन पानी पायरीला! आमची मानसं इतकी हसली, इतकी हसली, तो राजा बिचारा रडं विसरला!"

मी तिची टोपली खाली घेतली. म्हटलं, "त्यात हसण्यासारखं काय गं मेलं?"

"आता गो! पुनवेला सांच्याला पानी असतंय व्हय? दुपारी भरती, आन सांच्याला नुसता चिखल. आन चांद दर्यातून कवा उगवला? आपला चांद मुंब्र्याच्या डोंगरामागून उगवतंय. दर्यात तो मावळतंय, पाटंला. कोन व्हता गो तो येडा?"

"तो वेडा म्हणजे आमच्याच घरातलं माणूस," मी म्हटलं.

तिनं जीभ चावली. पण मला राग तिचा आला नव्हता, ह्यांचा आला होता. कचेरीत साहेबाच्या खोलीत एक विलायती चित्र होतं. त्यातला चंद्र ह्यांनी जसाच्या तसा उचलला होता. साहेबाच्या देशात उगवत असेल हो समुद्रातून! पण आपण जन्मभर संकष्टीला डोंगरामागच्या चंद्राची वाट बघत उपाशी बसणारी माणसं, आपल्याला एवढं कळू नये?

मी कोळणीला खाली बसवलं. "मला सांग, कुठल्या तिथीला पाणी कधी, हे तुम्हांला कसं कळतं?" ती म्हणाली, "त्यात काय? जी तिथ असल तिचा पाऊण हिस्सा धरायचा. तितक्या वाजता भरती भरली." आणि मला हसूच आलं. भाऊ लहानपणी ओसरीवर पाऊणकी घोकायचा आणि ती मी चुलीपुढे बसून ऐकून पाठ केली होती. मुलीच्या जातीला काय करायचीय पाऊणकी, म्हणून आई ओरडायची. मी बोटांवर म्हणून बघितलं. चार पाऊणे तीन. आठ पाऊणे सहा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पुनवेला दुपारी पाणी भरणार आणि सहा तासांनी, नेमका चंद्र उगवताना, ओसरून गेलेलं असणार. अष्टमीच्या सुमाराला पाणी मरतुकडं, त्याला कोळी भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला मातलेलं, ते उधाण. पंचांग तर माझ्या हाताशीच असायचं. समुद्र न बघता मला समुद्राचं सगळं येणं-जाणं सकाळच्या दोन घटकांत कळलं.

रात्री वाढताना मी ह्यांना भीत भीत सांगितलं. हे ताडकन म्हणाले, "म्हणजे मी आता कोळणीकडून शिकू?" मी म्हटलं, "कोळणीकडून नको असेल तर माझ्याकडून शिका." झालं! तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी ताक भुरकता भुरकता, माझ्याकडे न बघता विचारलं, "मग त्या पडद्यावर काय काढायचं म्हणतेस?"

चंद्र पुसला. तिथं मावळता सूर्य आला. पाणी दूर गेलं, पुढे ओला चिखल चमकायला लागला आणि त्यात एक होडी कुशीवर कलंडलेली. पुढच्या प्रयोगाला पडदा वर गेला तेव्हा मागचे कोळी माना उंचावून बघायला लागले. मग एक म्हातारा मोठ्यानं ओरडला, "हां! आता बराबर!" हे घरी आले ते माळ्यावरचं फडकं काढायलाच. मला म्हणाले, "ऐकलंस का, बराबर म्हणाले!" पुढे ह्यांना मानाची दोन पदकं मिळाली, पण तेव्हाचा तो चेहरा काही मी पुन्हा पाहिला नाही.

त्या मांडवात एक गलबतवाला शेट बसला होता. त्यानं आपल्या पेढीसाठी चित्र मागितलं. त्याचं पाहून दुसऱ्यानं. दर्यावर धंदा करणारी माणसं ती. चित्र छान आहे की नाही हे त्यांना कळत नसेल, पण पाणी खोटं असलं तर लगेच कळायचं. "त्या ठाणेकराच्या चित्रातलं पाणी खरं असतं," असं बंदरावर झालं. दोन-तीन वर्षांत ह्यांनी कचेरी सोडली. सासूबाईंनी त्या दिवशी चूल पेटवू दिली नाही.

मग आमची एक पद्धतच पडून गेली. हे पुढच्या खोलीतून ओरडायचे, "अगं, आज कुठली तिथी घेऊ?" मी स्वयंपाकघरातून विचारायची, "वेळ कुठली काढताय?" "सकाळ." "सकाळची आठ-सव्वाआठची घेतलीत तर एकादशी घ्या, काठोकाठ मिळेल." फोडणी जळायची, पण तिथी चुकायची नाही. हे आठ-पंधरा दिवसांनी मुंबईला जायचे, चौपाटीवर बसून यायचे आणि आल्या आल्या मला रंग सांगायचे. आज मोरपंखी होतं. आज शेवाळलेल्या तांब्यासारखं. आज कडेला दुधाची साय. मी खलात तसा रंग घोटून दाखवायची आणि हे मान हलवायचे, अजून थोडी नीळ, हां, बस्स. कल्याणहून भावजय आली की चिडवायची, "वन्सं, तुमची तर समुद्राशी भारीच ओळख दिसते!" मी म्हणायची, "ओळख आहे, भेट नाही."

हसून म्हणायची, पण मनातून नाही. खोटं कशाला बोलू? मला समुद्र बघायचा होता. दागिना नको, काशी नको, तेवढं एक हवं होतं, आणि तेही ह्यांच्याबरोबर. ह्यांनी बोट करून दाखवावं, ते बघ, कालचा मोरपंखी तो, आणि मी म्हणावं, इश्श, हा कुठला मोरपंखी? इतकंच. पण पहिल्यांदा मला दिवस गेले. मग मुलगी लहान. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्या नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. नऊ वर्षं मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. त्या गेल्या, मुलगी सासरी गेली, आता तरी नेतील म्हटलं, तर कामं इतकी वाढलेली की प्रत्येक वेळी "एवढं चित्र होऊ दे." एकदा माझा संयम सुटला. खल आदळला मी. म्हटलं, "माझ्या तिथीवर जगभर समुद्र विकता आणि मला एक दिवस होत नाही तुमच्यानं? कोणासाठी काढता एवढे समुद्र?" ह्यांनी खल उचलून जागेवर ठेवला. म्हणाले, "चुकतंय खरं माझं. नेतो. हे एवढं होऊ दे." आणि मी, वेडी, पुन्हा घोटायला बसले.

मग ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जवळचं कसंबसं दिसे, पण दूरचं सगळं धुकं. त्याच वेळी एका मोठ्या शेटचं काम आलेलं, भिंतभर चित्र, सूर्यास्ताचं, भरल्या पाण्याचं. हे चौपाटीवर जाऊन आले आणि म्हणाले, "मला पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं तेच कळेना गं." असं मोडलेलं बोलणं मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "तू जाऊन ये. नीट बघून ये आणि मला रंग सांग. तुझ्यासारखं कोणाला सांगता येणार नाही."

तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं पदरात पडलं. मी पंचांग काढलं. भरलं पाणी आणि मावळता सूर्य एकत्र हवे तर अष्टमी. आठ पाऊणे सहा. कोळणीला बरोबर घेतलं. आळीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या, कोळणीबरोबर एकटी निघालीय म्हणून. बघा म्हटलं, पोटभर बघा. वाटेत कोळणीला मी सांगितलं की मी समुद्र पाहिलेला नाही. ती डब्यात इतक्या मोठ्यानं ओरडली! "दर्या बगला नाय? आन इतकी वर्सं मला इचारते, बाय, आज भांग हाय का उधान!"

चौपाटीवर उतरलो तेव्हा साडेपाच झाले असतील. पाणी जिथवर यायला हवं तिथवर बरोबर आलं होतं. मी चपला काढल्या. समोर बघितलं आणि मला काही सुचेना. पलीकडचा काठ नव्हता, ते मला ठाऊक होतं. रंग, उजेड, सगळं ह्यांनी सांगितलेलं. पण त्याला आवाज होता! सुपातले तांदूळ कोणी सावकाश घोळवावेत तसा, थांबायचा, पुन्हा यायचा. पोथीत समुद्र गर्जतो हे वाचलं होतं, पण पोथीत काय, डोंगरही बोलतात. खाडी कधी बोलली नव्हती. चित्रं बोलली नव्हती. इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलंच नव्हतं की हा एकसारखा बोलत असतो. मी डोळेच मिटून घेतले. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मग मी बाजूला वळून म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

बाजूला कोळीण फुटाणे खात होती. "काय गो बाय?" म्हणाली. मला रडू आवरेना. तिला वाटलं, आनंदानं रडतेय. तिनं पाठीवरून हात फिरवला.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. हे कापडापुढे तयारीत बसलेले, रंगांच्या वाट्या मांडलेल्या. पावलं ऐकून लगेच म्हणाले, "हां, सांग. पाण्याला खालून कुठला रंग होता? सूर्याच्या बाजूला तांबडं की नारिंगी?"

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, रंग मी बघितलाच नव्हता. ज्याच्यासाठी गेले तेच राहिलं. मी तशीच खाली बसले. म्हटलं, "मी डोळे मिटून उभी होते." मला वाटलं, हे चिडतील. मीच चिडले, नेहमीसारखी. "तुम्ही आवाजाचं मला का नाही सांगितलंत? सगळं सांगितलंत, सायीचा रंगसुद्धा सांगितलात, आणि एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवलीत?"

ह्यांनी कुंचला खाली ठेवला. माझा हात शोधायला दोनदा चाचपडावं लागलं. म्हणाले, "लपवली नाही गं. सगळं तर तुला घरबसल्या सांगून टाकत होतो. म्हटलं, नेईन त्या दिवशी तुला नवं असं काहीतरी उरायला हवं. तेवढं एक तुझ्यासाठी ठेवलं होतं."

मला एकाला दोन शब्द देण्याची सवय. त्या दिवशी मी नुसता खल पुढे ओढला.

ते चित्र हे मग जमेल तसं काढत राहिले, मी अंदाजानं सांगितलेल्या रंगांवर. पुढच्या अष्टमीला दोघांनी जायचं ठरवलं होतं. दिसलं नाही तरी ऐकू तर येईल, म्हणाले. पण ह्यांना ताप भरला, तो उतरला नाही, आणि मार्गशीर्ष संपायच्या आत हे गेले.

आता मुलगी म्हणते चल, जावई म्हणतात गाडी करतो, भाऊ म्हणतो मी नेतो. सगळे न्यायला तयार आहेत. मी नाही म्हणते. त्यांना वाटतं, म्हातारपणी हट्टी झाले. हट्ट नाही हो. तो आवाज मला एकटीनं ऐकवत नाही.